तीन वाजताचं रीडिंग

फोरमनविषयी मी आजवर लोकांना जे सांगत आलो, त्यातलं काही खोटं नव्हतं. फक्त त्यात एक दिवस नसायचा. ते वारले तेव्हा आम्ही कारखान्यातल्या निवृत्त मंडळींनी शाळेच्या एका वर्गात शोकसभा घेतली. मला बोलायला उभं केलं. मी त्यांच्या लकबी सांगितल्या, दोन-तीन किस्से सांगितले. लोक हसले, एकानं डोळे पुसले. खाली बसलो आणि रुमालात तोंड घातलं. शेजारच्यानं पाण्याची बाटली पुढं केली. त्याला वाटलं, मला रडू आवरत नाहीये. मला भीती वाटत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी उठून विचारेल, ते मशीन जळालं तेव्हा तुम्हीच होता ना तिथं?

कुणी विचारलं नाही. इतक्या वर्षांत कुणीच विचारलेलं नाही. आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे, दोनदा दवाखाना झालाय, आणि न विचारता सांगण्याशिवाय दुसरी वाट उरलेली नाही.

आम्ही दोघं एका साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरीला होतो. ते टर्बाइनवर, मी स्विचबोर्डवर. पॉवर हाऊसचं काम म्हणजे दर तासाला फिरून मीटर बघायचे आणि आकडे लॉगशीटवर लिहायचे. वाफेचा दाब, बेअरिंगचं तापमान, लोड. आठ तासांच्या पाळीत आठ वेळा. हंगाम सुरू असला की आकडे फारसे हलत नाहीत. मग माणूस शहाणा होतो. उठून जायचं, वाकून बघायचं आणि बासष्टच लिहायचं, तर इथूनच बासष्ट लिहिलेलं काय वाईट? आम्ही सगळेच पुढच्या तीन-चार तासांचे आकडे एकदम भरून ठेवायचो. त्याचीही एक कला होती. सगळे आकडे सारखे लिहिले तर साहेबाला संशय येतो. मध्येच एक अंश खाली घ्यायचा. साठ, साठ, एकोणसाठ, साठ. वाचणाऱ्याला वाटतं, खरंच कुणीतरी जाऊन बघितलंय.

फोरमन हे कधी करत नसत. तेव्हा ते फोरमन नव्हते, पण लोक आधीपासूनच त्यांना फोरमन म्हणायचे. मनगटावरचं घड्याळ ते उलटं, आतल्या बाजूला बांधत. काटा बारावर यायच्या आधी दोन मिनिटं उठत. कुणी बोलत असलं तर त्याचं वाक्य अर्धं टाकून उठत. हातात दीड वीत लांब लाकडी दांडी असायची. तिचं एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं. साहेबलोक पाहुण्यांना त्यांच्याकडे आणून दाखवत असत.

एकदा मी दुपारी एक वाजताच पाचपर्यंतचे आकडे भरलेले त्यांनी पाहिले. मला वाटलं, आता नोकरी गेली. ते माझ्या बाजूला स्टूल ओढून बसले.

"खोडरबर हाय व्हय तुझ्याकडं?"

मी घाईघाईनं काढून दिला. त्यांनी तो खिडकीतून बाहेर फेकला.

"खोडायचं न्हाई. एका रेघेनं काट मारायची आन् शेजारी सही करायची. खालचा आकडा दिसला पायजे. चूक झाकली की ती दुसऱ्याच्या अंगावर जाती."

"आवं पन फोरमन, बघितलंच न्हाई तर लिहू काय?"

"बघितलं न्हाई, असं लिही. त्यानं कुनाचं वाईट हुत न्हाई गड्या. बघितलं न्हाई तर बघितलं न्हाई."

मी चार आकड्यांवर चार रेघा मारल्या, चार सह्या केल्या. त्यांनी वरती कळवलं नाही. पुढे महिनाभर मी प्रामाणिकपणे फिरलो, मग पुन्हा बसल्या जागी आकडे भरू लागलो. पण त्यांच्या पाळीत नाही.

निवृत्त झाले तरी त्यांचा तास सुटला नाही. लग्नात पंगतीवरून उठून आचाऱ्याच्या चुलीत डोकावून येत. भाचीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी हात धरून बसवलं, तर म्हणाले, "बसतो, पन तासाला सोडा." त्यांची बायको आजारी पडली तेव्हा त्यांनी वहीत रेघा मारून लॉगशीट केलं होतं. ताप, नाडी, पाणी किती प्यायली. तालुक्याचे डॉक्टर ती वही बघून म्हणाले, आमच्या नर्सना दाखवायला द्या. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी फोरमननी मला ती वही दाखवली. शेवटच्या दिवसाच्या पानावर सगळे आकडे होते, आणि दुपारी दोनच्या पुढच्या ओळीत त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "डोळा लागला. बघितलं नाही." त्यानंतर ओळी नव्हत्या.

त्यांनी वही मिटून फडताळात ठेवली.

ते एकटे पडले तेव्हाच नेमकी कोरोनाची साथ आली. मुलगा साताऱ्याला एका कंपनीत इंजिनिअर. घरून काम करायचं म्हणून आठ-नऊ महिने गावी येऊन राहिला. येताना आपला मोठा कॉम्प्युटर घेऊन आला, त्यात ग्राफिक्स कार्ड होतं. विटेएवढं, दोन पंख्यांचं. परत जाताना लॅपटॉप नेला आणि कॉम्प्युटर मायनिंगला लावून गेला. मायनिंग म्हणजे काय हे मला फोरमननीच समजावलं. जगभरातली मशीनं एकाच कुलपाला आकडे लावून बघत बसतात. ज्याचा आकडा जुळतो त्याला नाणं. नाणं हातात येत नाही, कुठंतरी नोंदलं जातं. ते मुलाच्या नावावर नोंदलं जायचं. फोरमनना त्याच्याशी काही घेणं नव्हतं. त्यांना कळलं होतं एवढंच, की घरात एक यंत्र रात्रंदिवस लोडवर चाललंय, गरम होतंय, आणि त्याच्याकडे बघायला कुणी नाही.

गावात मात्र पसरलं, की फोरमन घरात नाणी पाडतो. पोलीस पाटील चौकशीला आले. मी तिथंच बसलो होतो.

"फोरमन, ह्या वयात ह्ये काय काढलं वं? नोटा का नाणी?"

"नाणी."

"दावा की एक."

"दिसत न्हाईत."

"मग पाडताय कशाला?"

"मी कुठं पाडतोय? मशीन पाडतंय. मी निस्ता त्याचा ताप बघतो."

पाटील पंख्याकडे बराच वेळ बघत राहिले, चहा प्याले आणि उठले. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाले, "म्हाताऱ्याचं डोस्कं सरकलंय काय रं? पोराला कळवाय पायजे."

कुणीतरी कळवलंही. आणि खोटं नाही सांगत, कळवण्यासारखं काही घडतही होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि शेगडी तशीच सुरू राहिली. एकदा पहाटे टोपी घालून ते कारखान्याच्या गेटवर पहिल्या पाळीला जाऊन उभे राहिले. वॉचमननं ओळखून घरी आणून सोडलं. मला ते हे हसत सांगत होते.

कार्डाच्या बाबतीत मात्र त्यांची काहीच विसराविसर नव्हती. मुलानं ते जास्तीत जास्त पळवायला ठेवलं होतं, आणि ते दिवसातून दोनदा अडकून बंद पडायचं. फोरमन सरकपट्ट्यांचा तो प्रोग्राम शिकले. एक पट्टी कोअरच्या, म्हणजे हिशेब करणाऱ्या भागाच्या वेगाची, एक मेमरीच्या वेगाची, एक विजेची, एक पंख्याची. त्यांच्या ध्यानात आलं, की या कामाला कोअर पळवून उपयोग नाही. मेमरी पळाली पाहिजे. कोअर दोनशेनं खाली घेतला, वीज पासष्ट टक्क्यांवर आणली आणि मेमरी पंचवीस-पंचवीसनं चढवत नेली. प्रत्येक पायरीवर तीन तास, प्रत्येक तासाला नोंद. आठशे पन्नासला तिसऱ्या तासाला मशीन अडकलं. आठशे पंचवीसला रात्र काढून सकाळी अडकलं. ते सातशे पंच्याहत्तरवर येऊन थांबले. ताप बासष्ट. दांडी कार्डाच्या कडेला टेकवून, कान लावून मला म्हणाले, "आईक. आता कसं, भाकरी थापल्यागत चाललंय."

मी कान लावला. मला पंख्याचा आवाज आला.

"त्येच्या अंगात किती हाय ते बघायचं," ते म्हणाले, "आन् त्येच्या जरा अलीकडं थांबायचं."

फेब्रुवारीत मुलगा आला तो त्यांना साताऱ्याला न्यायचं ठरवूनच. मी ओट्यावर होतो, आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तुम्ही आता इथं एकटे राहायचं नाही. उद्या काही झालं तर?"

"काय हुतंय?"

"गॅसचं काय झालं? गेटवर कोण गेलं होतं? आणि त्यात हे मशीन दिवसरात्र चालू. एक दिवस घर पेटवाल."

"ह्येच मशीन तुझ्याकडं दिसात दोनदा बंद पडत हुतं."

"तुमच्याकडेही पडणारच."

मग फोरमन म्हणाले, "पंधरा दिवस. एकदा बी न थांबता चालवून दावतो. चाललं तर मी हितंच ऱ्हानार, पुन्ना विषय काढायचा न्हाई. थांबलं, तर तू म्हनशील तवा पिशवी भरतो."

मुलगा हसला. मग वडील हसत नाहीत हे बघून म्हणाला, "ठीक आहे. पंधरा दिवस."

त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही, त्यांचं काय होत असेल कुणास ठाऊक. सकाळी फाटक उघडताना मी आधी आवाज ऐकायचो. तो आला की जीव खाली यायचा. मोठी काळजी काजळीची होती. कारखान्याचा हंगाम जोरात होता, आणि धुराड्यातून पडणारी काळी काजळी आमच्या गावावर येते. अंगणात वाळत घातलेलं धुणं, पापड, सगळं काळं. कार्डाला हवा तर पाहिजे, पण काजळी नको. म्हणून फोरमननी खिडकीला बायकोच्या हिरव्या लुगड्याचा तुकडा दुहेरी करून बांधला होता. वरून सुतळी, खालची कड खिडकीच्या कट्ट्यावर दोन विटांखाली दाबलेली. दर तासाला विटा उचलायच्या, लुगडं ओलं करायचं, विटा परत ठेवायच्या. काजळी ओल्या कापडाला चिकटायची आणि हवा गार होऊन आत यायची. खिडकीखालीच टेबल, टेबलावर बाजूची झाकणं काढून उघडा ठेवलेला कॉम्प्युटर.

बाराव्या दिवशी मिरजेला त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख होती. दसऱ्यापासून वाट बघून मिळालेली. मुलगा न्यायला येणार होता, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तो फोनवर म्हणाला, "दिवसभर बंद ठेवा, मी ते धरणार नाही." फोरमन म्हणाले, "न थांबता म्हंजे न थांबता." आणि मला बोलावलं.

चार्ज देणं, म्हणजे पाळी दुसऱ्याच्या हाती सोपवणं, हा त्यांच्या दृष्टीनं साधा प्रकार नव्हता. त्यांनी मशीनच्या वहीत लिहिलं, "सकाळी सहा. चार्ज दिला." सही केली. त्याखाली मला लिहायला लावलं, "चार्ज घेतला." मग माझ्याकडून म्हणवून घेतलं. ताप सत्तरच्या वर गेला तर वीज दहा टक्के कमी. ऐंशीच्या वर गेला तर बंद. "बंद करायला लाजायचं न्हाई. पैज गेली तर गेली. मशीन ऱ्हायलं पायजे."

बाहेर मुलगा हॉर्न वाजवत होता. ते दारापर्यंत गेले आणि परत फिरले. माझ्यासमोर माउस धरून मेमरीची पट्टी सातशे पंच्याहत्तरवरून सातशे पन्नासवर आणली.

"मी नसनार. जरा खालीच ऱ्हाऊ दे. लिही ते वहीत."

"लिहितो, तुमी जावा. उशीर हुतोय."

मी लिहिलं नाही. नंतर लिहू म्हणालो.

एक वाजेपर्यंत मी सगळं केलं. दर तासाला आकडा बघितला, लुगडं ओलं केलं. बासष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. दीडला गावातला एक मित्र मोटरसायकल घेऊन दारात आला. शेजारच्या गावात कुस्त्यांचं मैदान होतं. मला कुस्तीचं वेड लहानपणापासून.

"चल रं, दोन कुस्त्या बघू आन् येऊ."

"न्हाई, चार्ज हाय माझ्याकडं."

"कसला चार्ज? कोंबडी उबवाय बसलाईस काय अंड्यावर?"

मी हसलो. घड्याळ बघितलं. सात तास आकडा फारसा हलला नव्हता. जाताना लुगडं पुन्हा भिजवलं. तो बाहेर गाडी गुरगुरवत होता, म्हणून विटा उचललेल्या तशाच खाली फरशीवर राहिल्या. मग वही ओढली आणि दोनपासून पाचपर्यंतच्या ओळी भरल्या. बासष्ट, बासष्ट, एकसष्ट, बासष्ट. तो एकसष्ट मी विचार करून लिहिला होता. हात विसरत नाही.

मैदानात तीन वाजता मी घड्याळ बघितलं, हे मला स्वच्छ आठवतं. हलगी कडाडत होती. मित्राला म्हणालो, निघू या. तो म्हणाला, शेवटची जोडी बघून. शेवटची जोडी लागायला पावणेपाच वाजले. कोण जिंकलं ते मला आजही सांगता येणार नाही. वारा सुटला होता. मैदानातली माती डोळ्यांत जात होती, लोक उपरणी तोंडाला बांधत होते, आणि मला त्या फरशीवरच्या विटा दिसत होत्या.

सव्वापाचला फाटक उघडलं. आवाज नव्हता.

दारातच जळक्या वॉर्निशचा वास आला. पॉवर हाऊसमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तो वास कळतो. लुगडं वाळून वाऱ्यानं आत उडालं होतं आणि त्याची सुटी कड कार्डाच्या पंख्यात गुरफटून बसली होती. दुसऱ्या पंख्यावर कापड झाकण पडावं तसं पडलं होतं. कार्डाच्या एका कोपऱ्यात तपकिरी डाग होता. मी कॉम्प्युटर सुरू करून बघितला. पडदा काळाच राहिला.

त्या वेळी मी बसून चार आकड्यांवर चार रेघा मारायला हव्या होत्या. मी काय केलं ते लिहितो. लुगडं पंख्यातून ओढून काढलं. त्याची करपलेली कड आत दुमडून सुतळीच्या बाजूला घेतली. पुन्हा ओलं केलं. ताणून बांधलं. विटा उचलून जागेवर ठेवल्या. मग वहीत लिहिलं, "पाच वीस. मशीन बंद. कारण समजलं नाही." सातशे पन्नासची नोंद करायला अजून जागा होती. पेन हातात होतं. पण ती नोंद केली असती, तर सेटिंग सुरक्षित होतं हे सिद्ध झालं असतं आणि कारण दुसरीकडे शोधावं लागलं असतं. मी पेनाचं टोपण लावलं.

साडेसहाला गाडी आली. फोरमनच्या एका डोळ्यावर पट्टी होती. मुलगा दंड धरून आणत होता. अंगणातच ते थांबले.

"थांबलंय," ते म्हणाले.

मुलानं टॉर्च लावून आत बघितलं. माझं सगळं लक्ष त्याच्या बोटांकडे होतं.

"काका, तुम्ही इथंच होतात ना?"

"व्हय. हितंच."

"हा हिरवा दोरा कसला?"

"उंदीर लय हायत," मी म्हणालो. "काय बी वढून आनत्यात."

त्यानं दोरा काढून टाकून दिला. फोरमननी वही मागितली. एक डोळा पानाजवळ नेऊन ते बोट फिरवत प्रत्येक ओळ वाचत गेले. पाचच्या ओळीपर्यंत आले, पुन्हा वरून सुरुवात केली.

"ताप चढलेला न्हाई," ते हळूहळू म्हणाले. "पाचपर्यंत बासष्ट. ताप न चढता मेलं म्हंजे मेमरीवर ताण जास्ती हुता. म्हंजे माझ्या हातनंच." ते माझ्याकडे वळले. "सकाळी जाताना मी पट्टी हलवली न्हवं? खाली घेतली का वर, रं? मला खाली घेतल्यागत वाटतंय. पन वहीत न्हाई. मी सांगितलं न्हाई व्हय तुला लिहायला?"

मुलगा माझ्याकडे बघत होता.

"मी बघितलं न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पुढं एक शब्द विचारला नाही. उभ्या आयुष्यात त्या तीन शब्दांवर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता.

"मग वरच घेतली असंल," ते म्हणाले. "आठवत न्हाई मला."

मुलगा भांडला असता तर बरं झालं असतं. तो त्यांच्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे बाबा. होतं असं." फोरमन मान खाली घालून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच पिशवी भरली. कपडे दोन जोड, दांडी, बायकोची वही आणि ही वही. कुलूप लावताना किल्ली दोनदा चुकली. मला म्हणाले, "बरं झालं, तू हुतास. न्हाईतर घर पेटवलं असतं मी."

काही महिन्यांनी त्या नाण्याचं मायनिंगच बंद झालं. मुलानं नवं कार्ड आणून दिलं असतं तरी ते पंधरा दिवस परत मांडता आले नसते.

मी फोन करायचो. दर वेळी, आज खरं सांगायचं, असं ठरवून करायचो. पलीकडून आधी त्यांचाच प्रश्न यायचा, कारखाना सुरू झाला का, लोड किती घेतलाय, काजळी पडते का अजून. उत्तर देता देता माझा धीर संपायचा. शेवटी एका कागदावर सगळं लिहून काढलं, शर्टाच्या खिशात घातलं आणि कराडला बस बदलून साताऱ्याला गेलो.

चौथ्या मजल्यावर घर. समोर अजिंक्यतारा. सुनेनं दार उघडलं, आत जाताना हळू आवाजात म्हणाली, "काका, त्यांना सगळं आठवेलच असं नाही. आता दर तासाला उठून फ्रिजचं तापमान लिहितात. आम्ही लिहू देतो." तिच्या बोलण्यात त्रागा नव्हता.

त्यांनी मला लगेच ओळखलं. वाळले होते. घड्याळ तसंच, आतल्या बाजूला. मी बसलो, पाणी प्यालो, खिशावर हात ठेवला.

"बरं झालं आलास," ते म्हणाले. "तुझं एक काम ऱ्हायलंय माझ्याकडं."

उशाखालून वही काढली. ती मशीनची जुनी वही. पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

"त्या दिवशी चार्ज परत दिल्याची सही तू केलीच न्हाईस. मी बी इसरलो, डोळ्याच्या गडबडीत. चार्ज आजून तुझ्याकडंच हाय गड्या. आसं अर्धवट ऱ्हाऊ ने."

"फोरमन," मी म्हणालो.

"बोल की."

"त्या दिवशी तीन वाजता—"

"बासष्ट," ते म्हणाले. वही त्यांच्या मांडीवर मिटलेली होती. "दोनला बासष्ट, तीनला बासष्ट, चारला एकसष्ट, पाचला बासष्ट. पाठ हाय मला. लय शोधली मी त्यात चूक. न्हाई घावली. तुझं काम चोख." आणि मग जरा थांबून, सून ऐकत नाही ना हे बघून, हळूच विचारलं, "मी वरच घेतली असंल न्हवं, पट्टी?"

खिशातला कागद छातीशी कुरकुरला. त्यांचा ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ होता, आणि तो माझ्यावर रोखलेला होता. एकच शब्द हवा होता. खाली. तुमी खाली घेतली हुती फोरमन, मी बघितली.

स्वयंपाकघरातून सुनेनं हाक मारली, "बाबा, चार वाजले हं." ते दचकले, घड्याळ बघितलं, उठायला लागले. उठता उठता त्यांनी वही उघडून माझ्यापुढं ठेवली, पेन माझ्या हातात दिलं आणि फ्रिजकडे गेले.

पानावर ते चार आकडे होते, माझ्याच अक्षरात. शेजारी रेघ मारायला आणि सहीला जागा होती. मी पेन तीनच्या ओळीवर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला.

"झाली का रं सही?" तिकडून त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, पेन खाली आणलं, "चार्ज परत दिला" असं लिहिलं आणि सही केली.